एम ३३ मधला एकच तारा, दोन रात्री, ०.३१ प्रतीचा फरक: तारा उजळला की माझं मोजमाप चुकलं?

माणदेशी_गच्ची

नमस्कार. मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दुर्बीण मात्र माहेरी, माण तालुक्यातल्या घराच्या गच्चीवर आहे, कारण तिथला अंधार अजून शाबूत आहे. महिन्यातून एखादा शनिवार मिळतो. आठ इंची न्यूटोनियन, नाभीय अंतर १००० मिलिमीटर, त्यावर गार करता येणारा रंगीत सीमॉस कॅमेरा. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलला ०.७८ विकला (६० विकला म्हणजे एक कला, ६० कला म्हणजे एक अंश), आणि चौकट साधारण ३९ कला बाय ३९ कला.

त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही सर्पिल दीर्घिका मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आले. दाखवायचं म्हणजे काय, एक फिकट धुरकट डाग. या हिवाळ्यात ठरवलं की त्या डागातला एक तारा वेगळा काढायचा आणि त्याचं तेज मोजायचं, प्रतींत (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा उजळ). आपल्या आकाशगंगेतला तारा नको, तिकडचाच. निवडला व्हेरिएबल सी. हबल आणि सँडेज यांनी १९५३ मध्ये एम ३१ आणि एम ३३ मधल्या सर्वांत तेजस्वी रूपविकारी ताऱ्यांवर शोधनिबंध लिहिला, त्यातला हा एक. दीर्घिकेच्या केंद्रापासून नैर्ऋत्येला जेमतेम ५ कला अंतरावर आहे. सोळाव्या प्रतीच्या आसपासचा असल्याने माझ्या दुर्बिणीच्या आवाक्यात येतो. त्याचं तेज दशकांच्या हिशेबात वरखाली होतं, मधूनच उद्रेक होतो, म्हणून तो निवडला.

पहिली रात्र नोव्हेंबरची. एम ३३ जवळपास डोक्यावर, हवा स्थिर, ताऱ्यांच्या ठिपक्याची रुंदी ३ पिक्सेल. साठ सेकंदांच्या ६० फ्रेम घेतल्या, डार्क आणि फ्लॅट (कॅमेऱ्याचे आणि चौकटीतल्या असमान उजेडाचे दोष काढणाऱ्या फ्रेम) लावले, हिरव्या चॅनेलचा स्टॅक (सगळ्या फ्रेम मिळून एक प्रतिमा) केला. मोजमाप अ‍ॅस्ट्रोइमेजजे या संगणक प्रणालीत. तुलनातारे (ज्यांच्या ठाऊक तेजाशी ताडायचं ते) चार, त्यांच्या व्ही प्रती (पिवळसर-हिरव्या प्रमाण पट्ट्यातल्या) गाया या अवकाश दुर्बिणीच्या कृत्रिम प्रकाशमापनाच्या यादीतून घेतल्या.

दुसरी रात्र डिसेंबरची. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून गच्चीवर पोचायलाच अकरा वाजले, तोवर एम ३३ पश्चिमेला कलली होती. मध्यरात्री उंची ३४ अंशांच्या आसपास. ठिपके ५ पिक्सेल रुंद झाले होते. चौकट थोडी सरकल्यामुळे नोव्हेंबरचे तुलनातारे कडेला गेले, म्हणून एकच ठळक तुलनातारा वापरला. बाकी सगळं तसंच. अ‍ॅपर्चरची, म्हणजे ज्या वर्तुळातला प्रकाश मोजायचा त्याची, त्रिज्या दोन्ही वेळा ठिपक्याच्या रुंदीच्या दुप्पट ठेवली, म्हणजे आधी ६ पिक्सेल, नंतर १०.

आणि डिसेंबरला तारा ०.३१ प्रतीने उजळ निघाला!

चेक स्टार, म्हणजे पडताळ्यासाठीचा स्थिर तारा, दोन्ही रात्री एकाच दुसऱ्या ताऱ्याशी ताडला तर ०.०२ च्या आत जुळतो. त्यामुळे मला मनापासून वाटलं की तारा खरंच उजळतोय. सोमवारी वर्गात सांगायचं जवळजवळ ठरवलं होतं, पण थांबले. एकदा मुलांना सांगितलं आणि मग ते खोटं निघालं, तर ते मला चालणार नाही. चेक स्टार स्थिर असताना एवढी चूक कुठून येईल? की ही चूक नाहीच?

हॅलेपासून_आजवर

ताई, आधी अभिनंदन. सत्तावीस-अठ्ठावीस लाख प्रकाशवर्षांवरचा एकटा तारा माणमधल्या गच्चीवरून वेगळा काढलात. मी १९८६ च्या धूमकेतूपासून आकाश बघतो आहे, पण मला हे कधी जमलं नाही.

दोनच प्रश्न. चेक स्टार चौकटीत नेमका कुठे होता, आणि डिसेंबरचा तो एकटा तुलनातारा रंगाने कसा होता?

माणदेशी_गच्ची

सर, चेक स्टार चौकटीच्या वायव्य भागात, दीर्घिकेच्या तबकडीबाहेर, मोकळ्या आकाशात. मुद्दाम तसा निवडला, आजूबाजूला काही नको म्हणून. डिसेंबरचा तुलनातारा तांबूस आहे, बी-व्ही (निळ्या आणि व्ही प्रतींतला फरक, जितका मोठा तितका तारा लाल) साधारण १.३. नोव्हेंबरच्या चौघांची सरासरी ०.७ च्या आसपास येते. चेक स्टारचा बी-व्ही १.१.

रात्रपाळी

मी काही वर्षं हानलेच्या दोन मीटर दुर्बिणीची निरीक्षणं होसकोट्याच्या नियंत्रण कक्षातून घेतली आहेत. गर्दीतल्या ताऱ्यांचं मोजमाप हेच माझं काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमची सगळी भिस्त चेक स्टारवर आहे, आणि या बाबतीत तो साक्षीदारच चुकीचा आहे. तो मोकळ्या जागेत एकटा उभा आहे आणि रंगाने लालसर आहे. व्हेरिएबल सी गर्दीत उभा आहे आणि रंगाने निळसर आहे. गर्दीमुळे किंवा रंगामुळे येणारी चूक चेक स्टारला शिवणारच नाही. तो स्थिर राहिला याचा अर्थ तुमचे फ्लॅट, ढग, ट्रॅकिंग ठीक होते, एवढाच.

आता गर्दीचं बघू. एम ३३ चं अंतर ८.४ लाख पार्सेक धरलं तर आकाशातली एक विकला म्हणजे तिथले साधारण ४ पार्सेक. तुमचं नोव्हेंबरचं वर्तुळ ६ पिक्सेल त्रिज्येचं, म्हणजे ९.३ विकला व्यासाचं. तिथे ते सव्वाशे प्रकाशवर्षं रुंद पडतं. डिसेंबरचं वर्तुळ दोनशे प्रकाशवर्षांच्या पुढे जातं. म्हणजे तुम्ही एका ताऱ्याभोवती नाही, एका अख्ख्या वस्तीभोवती रेघ ओढली आहे, आणि डिसेंबरला त्या रेघेच्या आतलं क्षेत्रफळ पावणेतीन पटींहून जास्त झालं. असे तेजस्वी तारे बहुतेक तरुण ताऱ्यांच्या गर्दीतच असतात. तुमच्या ताऱ्यापेक्षा एका प्रतीने मंद असा एकच शेजारी वर्तुळात आला तर मोजमाप ०.३६ प्रतीने उजळतं. अडीच प्रतींनी मंद असले तरी दोन शेजारी मिळून ०.२ च्या जवळ जातात.

ठिपक्याच्या दुप्पट त्रिज्या हा नियम मोकळ्या आकाशासाठी उत्तम आहे, पण दीर्घिकेच्या बाहूत तो घात करतो. हवा बिघडली की वर्तुळ मोठं होतं आणि शेजारी आत येतात. मग खराब हवेच्या रात्री प्रत्येक तारा उजळलेला दिसतो.

हे तपासायला वेगळं निरीक्षण नको, घरबसल्या होईल. मॅसी आणि सहकाऱ्यांनी किट पीकवरच्या ४ मीटर मेयॉल दुर्बिणीने एम ३१ आणि एम ३३ चं सर्वेक्षण केलं, त्याची यादी २००६ ची आहे. एकट्या एम ३३ मधले १,४६,६२२ तारे त्यात यूबीव्हीआरआय (पाच रंगपट्ट्यांतल्या) प्रतींसह आहेत, आणि ती यादी व्हिझिअर या संकेतस्थळावर कुणालाही मोफत मिळते. व्हेरिएबल सी च्या भोवती ४.७ विकलांत कोण कोण येतं आणि ७.८ विकलांत कोण कोण, ते काढा. प्रतींचं रूपांतर प्रकाशात करा, बेरीज करा, पुन्हा प्रतीत आणा. तुमच्या ०.३१ पैकी किती हिस्सा शेजाऱ्यांचा आहे, ते कागदावरच दिसेल.

मग खरी दुरुस्ती. नोव्हेंबरचा स्टॅक मुद्दाम धूसर करून ठिपका ५ पिक्सेलचा करा आणि दोन्ही रात्री एकाच, लहानशा, ठरलेल्या वर्तुळात मोजा. आकाशाच्या पार्श्वभूमीसाठीचं कडंही दोन्हीकडे तेच ठेवा, नाहीतर एका रात्री कडं बाहूवर पडेल आणि दुसऱ्या रात्री बाहूबाहेर. यापुढची पायरी पीएसएफ, म्हणजे ताऱ्याच्या ठिपक्याचा आकार, बसवण्याची, डीएओफॉट किंवा फोटयुटिल्स या प्रणाली वापरून. त्यात शेजाऱ्यांचे ठिपके एकाच वेळी बसवून वेगळे काढता येतात. पण आधी वर सांगितलेलं करा, त्याला एक संध्याकाळ पुरेल.

रंगाचं कारणही इथेच आहे. रंगीत कॅमेऱ्याचा हिरवा चॅनेल म्हणजे जॉन्सनचा व्ही नव्हे. त्याचा पट्टा व्हीपेक्षा थोडा निळ्याकडे सरकलेला असतो. त्यामुळे निळा तारा हिरव्यात जरा जास्त उजळ भासतो आणि लाल तारा जरा मंद. मंद दिसणाऱ्या लाल ताऱ्यावरून शून्यबिंदू (कॅमेऱ्याचा आकडा खऱ्या प्रतीत आणणारी बेरीज) ठरवलात की निळा तारा हक्कापेक्षा उजळ ठरतो. डिसेंबरला तुमचा तुलनातारा जास्त लाल होता, तेव्हा ही चूकही त्याच दिशेने गेली.

यासाठी तबकडीबाहेरचे वीस-पंचवीस तारे घ्या. प्रत्येकाची यादीतली व्ही वजा तुमची यांत्रिक हिरवी प्रत काढून ती बी-व्ही समोर आलेखा. रेघ तिरकी येईल. तिचा उतार हाच तुमच्या कॅमेऱ्याचा रंगगुणक, आणि बी-व्ही शून्य असताना ती जिथे कापते तो त्या रात्रीचा शून्यबिंदू. एका तुलनाताऱ्यावर कधीच विसंबू नका.

आणखी एक सांगायचं राहिलं. अशा निळ्या रूपविकारी ताऱ्यांचा स्वतःचा रंगही बदलतो. शांत असताना ते फार तापलेले आणि निळे असतात. उद्रेकात बाहेरचा थर फुगून ८००० केल्विनच्या आसपास थंडावतो, आणि एकूण ऊर्जा फारशी न बदलता दृश्य प्रकाशात तारा उजळतो. म्हणजे रंगगुणक लावताना जुन्या पुस्तकातला बी-व्ही चालणार नाही, त्या रात्रीचाच हवा. निळ्या चॅनेलचाही स्टॅक करा, तो तुमच्याकडे आहेच.

सह्यकडा

रात्रपाळी यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, दोन गोष्टी जोडतो. मीही न्यूटोनियनवरच काम करतो म्हणून.

पहिली गोष्ट नोव्हेंबरच्या चार तुलनाताऱ्यांबद्दल. ते चौघेही नक्की आपल्या आकाशगंगेतले तारेच आहेत का? एम ३३ ची तबकडी लांबीला अंशभराहून जास्त आहे, तुमच्या चौकटीत ती जवळपास सगळीकडे पसरलेली असणार. त्यातले तारकागुच्छ आणि प्रकाशित वायूचे घट्ट गोळे आपल्या दुर्बिणीत ताऱ्यासारखेच दिसतात. गायाचं निरीक्षण अवकाशातून, फार बारीक. अशा गोळ्याचा आतला गाभा ती मोजते आणि तुमचं वर्तुळ त्याचा सगळा पसारा गोळा करतं. मग तुमचा शून्यबिंदू सरकतो आणि व्हेरिएबल सी त्या रात्री उगाच मंद ठरतो. नोव्हेंबरला नेमकं तेच झालं असेल तर फरक आणखी फुगणार.

ओळखायला सोपं आहे. गायाच्या तिसऱ्या प्रकाशनात प्रत्येक स्रोताची निजगती (आकाशात दरवर्षी सरकण्याचा वेग) दिलेली असते. आकाशगंगेतला आपल्या शेजारचा तारा वर्षाला काही मिलीविकला सरकलेला दिसतो. एम ३३ मधली कुठलीही वस्तू मात्र वर्षाला मिलीविकलेच्या काही शतांशांएवढीच हलते, ती तिथे शून्यच वाटते. स्पष्ट निजगती असलेलेच तारे घ्या. शिवाय त्याच यादीतला बीपी-आरपी एक्सेस फॅक्टर हा आकडा बघा. तो वाजवीपेक्षा मोठा असेल तर स्रोत पसरट किंवा मिसळलेला आहे. आणि एपास या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रती तबकडीच्या आत मुळीच वापरू नका. त्यांच्या सर्वेक्षणात एक पिक्सेल २.५७ विकलांचा होता, एवढ्या गर्दीत दोन-तीन तारे एकात मिसळणारच.

दुसऱ्या गोष्टीवर थोडा मतभेद. तबकडीबाहेरचे वीस-पंचवीस तारे मिळवायला चौकट सरकवावी लागेल. दीर्घिकेचा लांब अक्ष उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य असा आहे, तेव्हा पश्चिमेकडे सरकलं की सर्वांत लवकर मोकळं आकाश मिळतं. पण व्हेरिएबल सी अगदी कडेला जाऊ देऊ नका. कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांचा कोमा हा दोष काढणारं भिंग) नसेल तर आपल्या एफ ५ आरशाला कोपऱ्यात ताऱ्यांच्या शेपट्या येतात. मग मधल्या ताऱ्याचा जेवढा प्रकाश लहान वर्तुळात मावतो, तेवढा कडेच्या ताऱ्याचा मावत नाही. गर्दीमुळे वर्तुळ लहान करायचं आणि कोमामुळे ते मोठं हवं, अशी दोन्हीकडून ओढाताण होते. मी तारा मध्यापासून एक तृतीयांश अंतरावर ठेवतो आणि फ्लॅटची परीक्षा एकदाच पण नीट घेतो. एकच एकटा, स्थिर तारा चौकटीत नऊ ठिकाणी नेऊन मोजायचा. नऊ आकडे ०.०२ मध्ये जुळले नाहीत तर आधी फ्लॅट सुधारायचे.

हवेच्या जाडीची काळजी मात्र फारशी नको. ३४ अंश उंचीवर हवा डोक्यावरच्या पावणेदोन पट, पण ती तुलनाताऱ्यांनाही तेवढीच. चौकटीच्या दोन टोकांत जाडीचा जो किरकोळ फरक पडतो तो प्रतीच्या शंभराव्या भागाएवढाच. तुमच्या ०.३१ चं खापर हवेवर फोडता येणार नाही.

रात्रपाळी

कोमाचा मुद्दा मान्य, मी तो विसरलो होतो. मोठ्या दुर्बिणींवर तो बहुतेक आधीच सोडवलेला असतो. निजगतीचा उपाय तर फारच छान. मी गुच्छ डोळ्यांनी ओळखून काढत असे.

हिरव्या चॅनेलबद्दल एक राहिलं. दुहेरी आयनित ऑक्सिजनची ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरची रेषा हिरव्या फिल्टरमध्ये पुरी आत येते. जॉन्सन व्ही मध्ये ती कडेवर, कमी संवेदनेच्या भागात पडते. एनजीसी ६०४ सारख्या वायूच्या ढगाजवळचा तारा कधी मोजलात तर हिरव्यात तो रंगगुणकानेही न सुटणारी चूक देईल, कारण तो प्रकाश ताऱ्याचा नसतोच. तिथे खरा व्ही फिल्टर आणि काळा-पांढरा कॅमेराच हवा.

हॅलेपासून_आजवर

मी रंग का विचारला ते आता सांगतो. माझी सुरुवात मायरा हा लाल रूपविकारी तारा डोळ्यांनी जोखण्यापासून झाली. दोन तुलनाताऱ्यांच्या मध्ये तो कुठे बसतो ते ठरवायचं आणि दशांशात लिहायचं. पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं की लाल ताऱ्याकडे टक लावून बघू नकोस, जितकं बघशील तितका तो उजळ वाटत जाईल. पुर्किंजे परिणाम. पांढऱ्या ताऱ्याशी लाल ताऱ्याची तुलना तेव्हा डोळ्याला अवघड होती, आज ताईंच्या कॅमेऱ्यालाही आहे.

आणि ताई, तुम्ही जी दीर्घिका निवडलीत तिचा स्वतःचा इतिहास याच प्रश्नाचा आहे. हबलने १९२६ मध्ये एम ३३ वर जो मोठा शोधनिबंध लिहिला त्यात ३५ सेफिड (ठरावीक काळाने उजळणारे-मंदावणारे, अंतर मोजायला वापरतात ते तारे) होते, आणि अंतर निघालं २,६३,००० पार्सेक. आजच्या अंतराच्या एक तृतीयांशाहूनही कमी. सेफिडांचे दोन प्रकार असतात हे बाडेने पुढे दाखवलं, ते मोठं कारण सगळ्यांना माहीत आहे. पण दुसरं कारण अगदी तुमच्यासारखं होतं. अठराव्या-एकोणिसाव्या प्रतीच्या ताऱ्याला आकडा द्यायचा तर तेव्हा मोजपट्टीच तिथवर पोचत नव्हती. कॅप्टाइनच्या निवडक क्षेत्रांमधल्या ताऱ्यांची मापं छायापट्टिकेवरून दीर्घिकेच्या ताऱ्यांवर आणायची, आणि पट्टिका अंधुक प्रकाशाला सरळ प्रमाणात प्रतिसाद देत नसे. १९५० मध्ये स्टेबिन्स, व्हिटफर्ड आणि जॉन्सन यांनी अशा तीन क्षेत्रांतले तारे प्रकाशविद्युत नळीने मोजले, तेव्हा जुन्या मोजपट्टीतल्या चुका आकड्यांनी समोर आल्या.

१९८३ मध्ये सँडेज पुन्हा एम ३३ कडे वळले आणि हबलच्या मूळ सेफिडांच्या प्रती दुरुस्त केल्या. अंधुक टोकाला जुने आकडे खऱ्यापेक्षा उजळ होते. दुरुस्तीनंतर अंतरमापांक (प्रतींत सांगितलेलं अंतर) २५.३५ आला, म्हणजे ३८ लाख प्रकाशवर्षं. १९९१ मध्ये फ्रीडमन, विल्सन आणि मॅडोर यांनी सीसीडीने मोजलं, धुळीचा हिशेब लावला, आणि तो २४.६४ वर आला, साडेसत्तावीस लाख प्रकाशवर्षं. २००६ मध्ये बोनानोस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका ग्रहणकारी जोडताऱ्यावरून २४.९२ काढला, एकतीस लाखांच्या पुढे. या शेवटच्या दोन आकड्यांमधला फरक बघा, ०.२८. तुमच्या गच्चीवरच्या ०.३१ एवढाच जवळजवळ. अंतरात तो चौदा टक्के होतो. तेव्हा तुम्ही वर्गात न सांगता इथे विचारलंत, हे मला फार आवडलं.

एक सुचवतो. एखाद्या निरभ्र रात्री निवडक क्षेत्र ९२ चे लँडोल्टचे प्रमाण तारे (ज्यांच्या प्रती नीट मोजून ठरवलेल्या आहेत) घ्या. १९९२ च्या यादीत आहेत, बहुतेक अकरा ते सोळा प्रतींतले. ते क्षेत्र एम ३३ च्या चाळीसेक मिनिटं आधी मध्यमंडल (आकाशातली उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतं, तुमच्याकडे ७३ अंश उंचीवर. एम ३३ ओलांडते ७७ अंशांवर. हवेची जाडी दोघांना जवळजवळ सारखी. यादीवर विश्वास न ठेवता शून्यबिंदू स्वतः आकाशातून उचलता येईल. मॅसींच्या मंडळींनीही मोठ्या दुर्बिणीच्या प्रतिमांचं प्रमाणीकरण लोवेल वेधशाळेच्या १.१ मीटर दुर्बिणीने वेगळं केलं होतं. फक्त रात्र खरी स्वच्छ हवी. तुमच्याकडे खालच्या अंगाला उसाचं पाचट पेटवलं जातं त्या दिवसांत नको, अर्ध्या तासात धूर आकाशाचा पारदर्शकपणा बदलतो.

माणदेशी_गच्ची

तुम्ही सांगितलेलं जवळपास सगळं केलं, तीन आठवडे लागले. आकडे मांडते.

आधी शेजारी. मॅसींची यादी उतरवून घेतली आणि बेरीज केली. दहा पिक्सेलच्या वर्तुळात सहाच्या वर्तुळापेक्षा बरीच जास्त नावं आली, एकेकटी मंद, पण बेरीज दुर्लक्ष करण्यासारखी नाही. मग नोव्हेंबरचा स्टॅक ५ पिक्सेलपर्यंत धूसर केला आणि दोन्ही रात्री ५ पिक्सेल त्रिज्येत, एकाच कड्याने मोजल्या. फरकातले ०.१६ तिथेच गेले. त्या रात्री मी स्क्रीनसमोर बराच वेळ बसून होते. जो उजेड मी ताऱ्याचा समजत होते तो त्याच्या शेजाऱ्यांचा होता.

मग रंग. तबकडीच्या पश्चिमेला चौकट सरकवून नवी निरीक्षणं घेतली, स्पष्ट निजगती असलेले २३ तारे मिळाले. रेघ सुरेख तिरकी आली, उतार उणे ०.११. अकरावीच्या मुलांकडून हाच आलेख काढून घेतला, आलेखकागदावर, हाताने. दोन मुलींनी न सांगता विचारलं की एक ठिपका रेघेपासून लांब का आहे. तो तारा फ्लॅटच्या कोपऱ्यात होता, कोमावाला. सह्यकडा, तुमचा मुद्दा त्यांनी तुमच्याशिवाय शोधला. तुलनाताऱ्यांच्या रंगातला ०.६ चा फरक गुणिले हा उतार, म्हणजे साधारण ०.०७. तेही गेले.

नोव्हेंबरच्या चार तुलनाताऱ्यांपैकी एकाला निजगती नाही आणि एक्सेस फॅक्टर मोठा. मॅसींच्या प्रतिमेत तो ताऱ्यांपेक्षा स्पष्ट जाड दिसतो. तो वगळल्यावर नोव्हेंबरचा शून्यबिंदू ०.०५ ने सरकला.

उरला फरक ०.०३, आणि माझी एकूण अनिश्चिती ०.०४. म्हणजे नोव्हेंबर ते डिसेंबर व्हेरिएबल सी मध्ये मला दिसण्याजोगा बदल झालेला नाही.

निराशा झाली का? पहिल्या दिवशी झाली. आता नाही. नऊ ठिकाणांची फ्लॅट परीक्षाही घेतली, सात ठिकाणं ०.०२ मध्ये जुळली, दोन कोपरे नाहीत. करेक्टरसाठी पैसे बाजूला ठेवते आहे. लँडोल्टचं क्षेत्र मात्र राहिलं, दोन शनिवार धुराचे गेले आणि तिसऱ्याला ढग.

एक शंका उरते. निळ्या चॅनेलचा स्टॅक केला, पण त्यातून आलेला बी-व्ही कितपत खरा धरू? निळ्याचा उतार हिरव्यापेक्षा बराच जास्त निघाला, आणि व्हेरिएबल सी इतका निळा एकही तुलनातारा माझ्या २३ मध्ये नाही. सगळे ०.५ च्या पुढचे. रेघ त्याच्यापर्यंत नुसती लांबवली आहे.

रात्रपाळी

अचूक जागी बोट ठेवलंत. लांबवलेल्या रेघेवर ०.०३ चा विश्वास ठेवू नका, निळ्यात तर नाहीच. तबकडीबाहेरचे निळे तारे कमी असतात, पण चौकट अजून पंधरा-वीस कला पश्चिमेला नेऊन शोधा, एखाददुसरा ०.२ च्या आतला मिळेल. नाही मिळाला तर क्षेत्र ९२ च्या रात्रीच पीजी ०२३१+०५१ हे लँडोल्टचं क्षेत्रही घ्या. त्यातला मुख्य तारा अत्यंत निळा आहे, बी-व्ही शून्याच्या खाली, आणि त्याच्या आजूबाजूला लाल ताऱ्यांचीही प्रमाण मापं आहेत. ते एम ३३ नंतर तासाभराने मध्यमंडलावर येतं. दोन्ही टोकं मिळाली की रेघ लांबवावी लागणार नाही, आणि ती मधे वाकते की सरळ जाते तेही कळेल.

नोव्हेंबरचा निळा स्टॅक पुसू नका.